पदकाची कड वाचावी

गेल्या माजी विद्यार्थी मेळाव्यात एक सूचना पुढे आली आणि सभागृहाने तिचे टाळ्यांनी स्वागत केले. लंडनच्या लिलावांत अधूनमधून विक्रीस येणारे, ‘कोरेगाव’ हे नाव असलेले ब्रिटिश लष्करी पदक वर्गणी काढून विकत घ्यावे आणि विद्यालयाच्या ग्रंथालयात काचेच्या पेटीत ठेवावे, अशी ती सूचना होती. परदेशात स्थिरावलेल्या काही माजी विद्यार्थ्यांनी तेथल्या तेथे रकमाही जाहीर केल्या. सूचनेमागील भावनेविषयी आम्हांला नितांत आदर आहे. तथापि गेली काही वर्षे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील ब्रिटिश पदकांचा अभ्यास करणारे आम्ही काही माजी विद्यार्थी व शिक्षक त्या टाळ्यांत मनापासून सामील होऊ शकलो नाही. त्याची कारणे त्या दिवशी मांडण्यास वेळ नव्हता. ती येथे मांडीत आहोत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, पदक गोळा करणे आणि पदकाचा शोध घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामाला पैसा लागतो. दुसऱ्याला वाचन, चिकाटी आणि प्रामाणिकपणा लागतो. आपल्या समाजाला आज गरज आहे ती दुसऱ्या कामाची.

प्रथम या पदकांचा थोडा इतिहास पाहणे आवश्यक आहे, कारण सन्मान कोणाला मिळावा या प्रश्नाचे उत्तर त्या काळात कसे बदलत गेले, हे त्यातून स्पष्ट दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश राजसत्ता सामान्य शिपायाला पदक देत नसे. 1806 च्या मैदा येथील विजयाबद्दल सोन्याची पदके निघाली, पुढे स्पेनमधील युद्धांतही सोन्याची पदके व क्रूस दिले गेले, पण ते सर्व वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी होते. बंदुका खांद्यावर घेऊन शेकडो मैल चालणाऱ्या शिपायाच्या वाट्याला काही आले नाही. 18 जून 1815 रोजी वॉटर्लूची लढाई झाली आणि त्यानंतर हे चित्र पालटले. 1816 मध्ये वाटलेले वॉटर्लू पदक हे ब्रिटिश लष्करातील सर्व दर्जांच्या माणसांना सरसकट मिळालेले पहिले पदक होय. सेनापतीला जे चांदीचे पदक, तेच ढोल वाजविणाऱ्या पोरालाही. लढाईत मरण पावलेल्यांच्या वारसांनाही ते देण्यात आले. पुढील अभ्यासकांच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे, प्रत्येक पदकाच्या कडेवर ते मिळविणाऱ्याचे नाव, हुद्दा आणि पलटण ठशांनी उमटविलेली होती. ही नावे कोणती याची नोंदवही टांकसाळीने ठेवली आणि ती आजही ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

वॉटर्लूपूर्वी पोर्तुगाल, स्पेन आणि फ्रान्सच्या दक्षिण भागात वर्षानुवर्षे लढलेल्या शिपायांना मात्र काहीच मिळाले नाही. एका दिवसाच्या लढाईला पदक आणि सहा वर्षांच्या हालअपेष्टांना काही नाही, ही खंत त्या वृद्ध सैनिकांनी अनेक वर्षे बोलून दाखविली. स्वतः त्या युद्धात लढलेल्या ड्यूक ऑफ रिचमंड यांनी त्यांची बाजू लावून धरली. अखेरीस 1847 मध्ये ‘मिलिटरी जनरल सर्व्हिस मेडल’ मंजूर झाले. 1793 ते 1814 या काळातील लढायांसाठी त्यावर 29 निरनिराळ्या पट्ट्या होत्या. पट्टी म्हणजे लढाईचे नाव असलेला, पदकाच्या फितीवर बसणारा चांदीचा लहान तुकडा. संग्राहक त्याला ‘क्लॅस्प’ म्हणतात. एका पदकावर जितक्या पट्ट्या, तितक्या लढायांत तो सैनिक होता असे समजावे. सर्वाधिक, म्हणजे 15 पट्ट्या, केवळ दोघांच्या पदकांवर आहेत. मात्र अट अशी होती की, अर्ज करणारा हयात असला पाहिजे. जे मधल्या काळात वारले त्यांच्या घरी हे पदक गेले नाही. त्याच सुमारास नौदलासाठीही पदक निघाले. लढाईच्या वेळी जहाजांवर राहून जखमींची शुश्रूषा करणाऱ्या काही स्त्रियांनी त्यासाठी अर्ज केले, पण त्यांना पदक मिळाले नाही. सन्मानाचे दार शिपायांसाठी उघडले, स्त्रियांसाठी ते बंदच राहिले.

आता हिंदुस्थानाकडे वळू. येथे ईस्ट इंडिया कंपनीने ब्रिटिश राजसत्तेच्याही आधी सामान्य शिपायांना पदके दिली होती, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. 4 मे 1799 रोजी श्रीरंगपट्टण पडले. त्या लढाईचे पदक बर्मिंगहॅमजवळील मॅथ्यू बोल्टन यांच्या सोहो टांकसाळीत तयार झाले. वाघाला खाली पाडणारा सिंह त्याच्या एका बाजूस आहे. हे पदक गोऱ्या व हिंदी दोन्ही सैनिकांना मिळाले, परंतु धातू मात्र दर्जाप्रमाणे ठरला. वरिष्ठांना सोने, त्याखालील अधिकाऱ्यांना सोन्याचा मुलामा दिलेली चांदी, मग चांदी, मग ब्राँझ, आणि साध्या शिपायाला कथिल. शिवाय त्यावर कोणाचेही नाव घातलेले नव्हते. आज असे कथिलाचे पदक हाती आले, तर ते कोणाच्या छातीवर होते, तो कोणत्या गावचा होता, घरी परतला की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ते देत नाही. नाव नसलेले पदक युद्धाविषयी बोलते, माणसाविषयी बोलत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या लढायांसाठी नावाची पदके हिंदी शिपायांना मिळाली ती 1851 मध्ये मंजूर झालेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकामुळे. या पदकाचा ठसा विल्यम वायन यांनी घडविला. एका बाजूस राणी व्हिक्टोरियाचे मस्तक आणि दुसऱ्या बाजूस शस्त्रांच्या ढिगाजवळ बसलेली विजयदेवता, मागे ताडाचे झाड, खाली 1799 ते 1826 ही वर्षे. फीत फिकट निळ्या रंगाची. या पदकासाठी 21 पट्ट्या मंजूर झाल्या, आणि त्या पट्ट्यांवरील नावे वाचू लागलो की आपल्याच मुलखाचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. ‘असाय’ म्हणजे जालना जिल्ह्यातील असई. ‘अरगॉम’ म्हणजे अकोल्याकडील अडगाव. ‘गॉविलघुर’ म्हणजे चिखलदऱ्याजवळचा गाविलगड. ‘किर्की’ म्हणजे पुण्याची खडकी. ‘सीताबुल्डी’ म्हणजे नागपूरची सीताबर्डी. आणि ‘कोरिगॉम’ म्हणजे भीमेच्या काठचे कोरेगाव. परक्या कारकुनाने कानाला जसे ऐकू आले तसे लिहिलेले हे उच्चार वाचताना प्रथम हसू येते. मग ध्यानात येते की, गावांच्या नावांची जर ही गत झाली, तर माणसांच्या नावांची काय झाली असेल?

येथे तारखांचा हिशेब मांडून पाहावा. कोरेगावची लढाई 1 जानेवारी 1818 ची. आदल्या संध्याकाळी शिरूरहून निघून रात्रभर चाललेली सुमारे 800 जणांची ती तुकडी, तिच्यातील मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनचे शिपाई, आणि दिवसभर चाललेली ती झुंज या स्मरणिकेच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. तेथील स्तंभाच्या पायाभरणीचे वर्ष 1821. पदक मंजूर झाले 1851 मध्ये, म्हणजे लढाईनंतर 33 वर्षांनी. तेही फक्त हयात असलेल्यांसाठी. लढाईच्या दिवशी 20 वर्षांचा असलेला शिपाई 1851 मध्ये 53 वर्षांचा झाला होता. चाळिशीतला जमादार तोवर पंचाहत्तरीच्या घरात पोहोचला होता, आणि त्या काळी तेवढे आयुष्य किती जणांना लाभे? तुकडीचे नेतृत्व करणारे कॅप्टन स्टाँटनही 1825 मध्येच मरण पावले होते.

यातून निघणारा निष्कर्ष साधा असला, तरी तो वारंवार विसरला जातो. स्तंभावर ज्या 49 मृतांची नावे आहेत, त्यांपैकी एकालाही हे पदक मिळालेले नाही, मिळणे शक्यच नव्हते. त्यांतील 22 नावांच्या शेवटी ‘नाक’ हा महार समाजातील नावांत असणारा प्रत्यय आहे. तेव्हा ‘कोरेगावच्या हुतात्म्याचे पदक’ म्हणून कोणी एखादे पदक दाखवू लागला, तर त्याची माहिती तरी चुकीची आहे किंवा हेतू तरी. स्तंभ मेलेल्यांची नावे सांगतो. पदक जगलेल्यांची नावे सांगते. त्या दिवशी किती जण होते हे समजून घ्यायचे असेल, तर या दोन्ही याद्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या पाहिजेत. शिवाय 1818 ते 1851 या 33 वर्षांत जे गावी परतून, शेती करून, निवृत्तिवेतनावर दिवस काढून निघून गेले, त्यांची नावे या दोन्ही याद्यांत नाहीत, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. ती तिसरी यादी अद्याप कोणी केलेली नाही.

‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या कडेवर दोन प्रकारची अक्षरे आढळतात. गोऱ्या सैनिकांची नावे साधारणतः ठशांनी उमटविलेल्या सरळ, मोठ्या अक्षरांत असतात. हिंदी सैनिकांची नावे बहुधा हाताने कोरलेल्या वळणदार लिपीत असतात. पदक तेच, चांदी तीच, फीत तीच, पण कडेवर दोन हात वेगळे दिसतात. भिंगाखाली ही वळणदार अक्षरे प्रथम पाहिली, तेव्हा आमच्यापैकी एका शिक्षकांनी वहीत फक्त एवढेच लिहिले: ‘यांना दोनदा नाव मिळाले. एकदा आईबापांकडून, एकदा कोरक्याकडून.’ त्या दुसऱ्या नामकरणात कितीतरी अक्षरे गळाली, वाढली, बदलली. एकाच नावाची तीन कागदांवर तीन रूपे आढळणे ही या अभ्यासात रोजची गोष्ट आहे.

शोधकार्यातली विषमता तर याहून मोठी आहे. वॉटर्लूचे पदक मिळविणारा एखादा साधा ब्रिटिश शिपाई आपण निवडला, तर त्याचे हजेरीपट सापडतात. चेल्सीच्या रॉयल हॉस्पिटलमार्फत त्याला निवृत्तिवेतन मिळाले असेल, तर सेवामुक्तीचा कागद सापडतो. त्या कागदावर जन्मगाव, भरतीच्या वेळचे वय, पूर्वीचा धंदा, उंची, केसांचा व डोळ्यांचा रंग, कोठे कोणती जखम झाली, हे सारे लिहिलेले असते. दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा विणकर किंवा मजूर त्या कागदातून उठून समोर उभा राहतो. कंपनीच्या फौजेतील हिंदी शिपायाचे असे वैयक्तिक कागद लंडनला फारसे गेलेच नाहीत. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात लढायांचे अहवाल आहेत, अधिकाऱ्यांचे पत्रव्यवहार आहेत, गोऱ्या सैनिकांच्या याद्या आहेत. हिंदी शिपाई तेथे बहुधा संख्येच्या रूपाने येतो: इतके ठार, इतके जखमी. म्हणूनच कित्येक शिपायांच्या बाबतीत पदकाच्या कडेवरची ती एक ओळ हाच त्यांच्या अस्तित्वाचा उरलेला एकमेव लेखी पुरावा असू शकतो. आम्ही पदकाच्या विरोधात बोलत आहोत असा कोणाचा समज झाला असल्यास तो येथे दूर व्हावा. पदकाचे मोल आम्ही कमी मानीत नाही. ते मोल चांदीत नसून कडेत आहे, एवढेच आमचे सांगणे आहे.

आता खरेदीच्या प्रश्नाकडे येतो. दुर्मीळ पट्टी असलेले असे पदक हजारो पौंडांना जाते. जिथे किंमत वाढते तिथे लबाडीही वाढते. या पदकांच्या बाबतीत ती मुख्यतः तीन प्रकारे होते. पहिला प्रकार म्हणजे साच्यात ओतलेली नक्कल. तिच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात आणि वजन जुळत नाही. दुसऱ्या प्रकारात पदक खरे असते, पण पट्टी बदललेली असते. सामान्य पट्टी काढून तिच्या जागी किमती पट्टी बसविली जाते. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. त्यात पदक खरे, पट्टीही खरी, पण कडेवरचे मूळ नाव घासून काढून तेथे दुसरे, अधिक किंमत मिळवून देणारे नाव कोरलेले असते. घासल्याने पदकाचा व्यास किंचित कमी होतो, म्हणून अनुभवी अभ्यासक कॅलिपरने निरनिराळ्या ठिकाणी व्यास मोजून पाहतात. मूळ माप सुमारे 36 मिलिमीटर. मोजमापात पकडली न जाणारी लबाडी नावांच्या अधिकृत यादीशी ताडून पाहिल्यावर पकडली जाते.

हे आम्ही फुकटात शिकलो नाही. आमच्यातील एका माजी विद्यार्थ्याने जुन्या वस्तूंच्या एका बाजारात असे पदक पाहिले. विक्रेत्याने ते अस्सल असल्याचे सांगितले, कडेवर ‘नाक’ प्रत्ययाचे नाव होते, आणि आमच्या मित्राचे डोळे भरून आले. दोन महिन्यांचा पगार देऊन त्याने ते घेतले. आम्ही सर्वांनी ते हातात घेतले, कपाळाला लावले. नंतर भिंगाखाली पाहता कडेवर जुन्या अक्षरांच्या पुसट रेघा दिसल्या. आधीचे नाव कोणाचे होते हे आता कधीच कळणार नाही. मित्राच्या पैशांपेक्षा आम्हांला दुःख झाले ते या गोष्टीचे की, आपल्या माणसांच्या नावाला आज बाजारात किंमत आली म्हणून कोणा दुसऱ्या शिपायाचे नाव पुसले गेले. तोही कोणाचा तरी मुलगा होता. आपल्या मागणीमुळे अशी एकही कड घासली जाणार असेल, तर त्या मागणीचा आपण फेरविचार केलाच पाहिजे.

आमच्या या मतावर दोन आक्षेप घेतले जातात, आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत.

पहिला आक्षेप असा की, मुलांना वस्तू हवी असते. यादी वाचून अंगावर रोमांच उभे राहत नाहीत, वस्तू पाहून राहतात. हे खरे आहे. आम्हीही विद्यार्थी होतो आणि काचेच्या पेटीसमोर उभे राहण्याचे आकर्षण आम्हांलाही होते. पण पेटीसमोर विद्यार्थी किती वेळ उभा राहतो? दोन मिनिटे. तेच त्याच्या हाती कडेचे मोठे केलेले छायाचित्र, स्तंभावरील नावांची प्रत आणि एक कोरी वही दिली, तर तो वर्षभर गुंतून राहतो. एका नावाची चार रूपे जुळविताना तो इंग्रजी उच्चार शिकतो, मोडी वाचू लागतो, गावांचे जुने नकाशे उलगडतो. पुरावा आणि ऐकीव माहिती यांतला फरक त्याला कळतो. पुढे तो कोणत्याही क्षेत्रात गेला, तरी ही शिस्त त्याच्या उपयोगी पडेल. आणि हे काम नीट पार पडल्यानंतर, अस्सल ठरलेले एखादे पदक घेण्याची संधी आलीच, तर त्या वेळी निर्णय डोळसपणे घेता येईल. आज तो भावनेच्या भरात घेतला जाईल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. तो आम्हांला आमच्याच एका ज्येष्ठ शिक्षकांनी घातला. धम्माच्या मार्गाने चालणाऱ्या विद्यालयाने युद्धाच्या पदकांचा गौरव का करावा? आणि ज्या कंपनीसाठी हे शिपाई लढले, तिने तरी त्यांचे काय भले केले? याचे उत्तर टाळून पुढे जाता येणार नाही. शस्त्राचा गौरव हा आमचा हेतू नाही. युद्धात दोन्ही बाजूंना गरिबांचीच मुले मेली, हे आम्ही विसरत नाही. कंपनीच्या उपकाराचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. ज्या लष्कराने या समाजाच्या शिपायांना पदके दिली, त्याच लष्कराने 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकर यांच्यासारख्या निवृत्त सैनिकाला अर्ज लिहून पूर्वजांच्या सेवेचा दाखला द्यावा लागला. जरा विचार करावा. त्या दिवशी प्रत्येक लढाईतील आपल्या माणसांची नावनिशीवार यादी हाताशी असती, तर त्या अर्जाला केवढे बळ मिळाले असते! बाबासाहेब आंबेडकरांनी 1 जानेवारी 1927 रोजी कोरेगावच्या स्तंभाला भेट दिली, तेव्हापासून ते दगडावरचे लेखन आपल्या समाजासाठी स्वाभिमानाचा दाखला झाले. तेथे लोक येतात ते तलवारीला वंदन करण्यासाठी नव्हे. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जात असे, त्यांची नावे दगडावर कोरली गेली, याचा अर्थ त्यांना कळतो म्हणून ते येतात. नाव हाच तेथील खरा ठेवा आहे. स्तंभावर इतर समाजांतील शिपायांचीही नावे आहेत. त्यांनाही आमच्या यादीत तेवढेच स्थान असेल. माणसाला त्याचे नाव परत मिळवून देणे हे करुणेचे काम आहे, आणि करुणेने जात पाहून निवड केली तर ती करुणा उरत नाही.

तेव्हा आमची सूचना पुढीलप्रमाणे आहे. जमा होणाऱ्या वर्गणीतून पदक विकत न घेता विद्यालयात एक ‘नामपट’ सिद्ध करावा. पहिल्या टप्प्यात कोरेगावच्या स्तंभावरील इंग्रजी व मराठी लेखांचे प्रत्यक्ष वाचन करून नावांची शुद्ध प्रत तयार करावी. दुसऱ्या टप्प्यात ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकांपैकी जी पदके निरनिराळ्या संग्रहालयांत आहेत किंवा लिलावांच्या छापील सूचिपत्रांत छायाचित्रांसह आलेली आहेत, त्यांच्या कडांवरील नावे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत. अशी सूचिपत्रे वाचण्यास पैसे पडत नाहीत. नाव, हुद्दा, पलटण, पट्टी, अक्षरांचा प्रकार आणि माहिती कोठून घेतली, इतक्या रकान्यांची वही पुरेशी आहे. मूळ स्पेलिंग कधीही सुधारू नये. आपल्याला वाटणारा मराठी उच्चार वेगळ्या रकान्यात द्यावा. लंडन परिसरात राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक शनिवार ब्रिटिश लायब्ररीसाठी दिला, तरी ते मोठे योगदान ठरेल. मुंबईत असणाऱ्यांनी राज्य पुराभिलेखागारातील लष्करी व निवृत्तिवेतनविषयक कागद पाहावेत. कोकणातील समाजबांधवांना विशेष विनंती अशी की, मुंबई फौजेतील पुष्कळ शिपाई त्या भागातून आले आणि दापोलीसारख्या ठिकाणी निवृत्त सैनिकांची वस्ती होती. घरातील जुने कागद, सनदा, वंशावळी जपून ठेवाव्यात आणि त्यांची छायाचित्रे पाठवावीत.

पालकांना आणखी एक सांगणे आहे. 1851 चे पदक एखाद्याच घरात निघेल. पण पहिल्या महायुद्धातील आजोबा-पणजोबांची पदके आजही अनेक घरांच्या पेट्यांत पडून आहेत. त्या पदकांच्या कडेवरही क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. कृपया ती पदके चिंचेने, राखेने किंवा कोणत्याही भुकटीने घासू नका. चकाकी येते, पण अक्षरे झिजतात. चांदी म्हणून ती सोनाराकडे मोडीत घालू नका. मूळ फीत जीर्ण झाली असली तरी फेकू नका. पदकाला दोन्ही बाजूंनी आणि कडेने तिरप्या उजेडात छायाचित्रित करा, मऊ कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, आणि ते कोणाचे होते हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहून काढा. ती आठवण सांगणारे माणूस गेले की, कडेवर उरते ते केवळ एक नाव. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेण्यास 1972 च्या पुरावशेषविषयक कायद्याने मनाई आहे, हेही कोणी मोठी किंमत दाखवू लागल्यास ध्यानात असावे.

या विद्यालयाच्या पहिल्या काही तुकड्यांतील मुले वसतिगृहात दाखल झाली, तेव्हा हजेरीच्या वहीत आपले पूर्ण नाव प्रथमच लिहिलेले पाहण्याचा अनुभव त्यांतील कित्येकांना आला, असे आमचे ज्येष्ठ सांगतात. गावात त्यांना जातीच्या नावाने हाक मारीत. येथे गुरुजींनी सकाळी उभे करून नाव पुकारले आणि ‘हजर’ म्हणायला शिकविले. त्या हजेरीचे मोल ज्यांना कळले, त्यांनाच पदकाच्या कडेवरील त्या वाकड्यातिकड्या अक्षरांचे मोल कळेल. काचेची पेटी पुढे केव्हाही करता येईल. आधी नावे पुकारली जाऊ द्या. दोनशे वर्षे ज्यांची हजेरी कोणी घेतली नाही, त्यांच्या वतीने ‘हजर’ म्हणण्याचे काम आपल्या विद्यार्थ्यांकडे द्यावे, अशी आमची संस्थेला, माजी विद्यार्थ्यांना आणि समाजबांधवांना नम्र विनंती आहे.